टायमिंग बेल्ट घरी बदलायचा की गॅरेजमध्ये? एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी नऊ वर्षं जुनी. पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची, इंजिन आडवं बसवलेलं. मीटरवर ९२,००० किलोमीटर. मालकाने ती दोन वर्षांपूर्वी जुनी म्हणूनच विकत घेतली होती. व्यवहाराच्या वेळी आधीचा मालक म्हणाला होता, "टायमिंग बेल्ट बदललेला आहे, काळजी करू नका." पावती नव्हती. कधी बदलला, किती किलोमीटरला बदलला, कुणी बदलला, यातलं काहीच कागदावर नव्हतं.

आताचा मालक प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. हाताला सवय असलेला माणूस. ऑईल, ब्रेक पॅड, बॅटरी ही कामं तो घरीच करतो, एकदा अल्टरनेटरही त्याने स्वतः बदलला होता. त्याचा मावसभाऊ, ज्याला तो दादा म्हणतो, एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. दादाने पूर्वी स्वतःच्या जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट घरी बदलला होता आणि ती गाडी पुढे कित्येक वर्षं व्यवस्थित चालली. मी वाहनदुरुस्ती शिकवतो, म्हणून दोघं माझ्याकडे सल्ल्याला आले आणि शेवटपर्यंत काय काय झालं ते मला सांगत राहिले. गाडीचं मॉडेल आणि माणसांची ओळख इथे मुद्दाम गाळली आहे.

ज्यांनी हा बेल्ट कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करतो आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. या दोघांचा मेळ दातेरी रबरी बेल्ट राखतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर इंजिन फिरत असतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. काही इंजिनांत पिस्टन पूर्ण वर आला तरी उघड्या व्हॉल्व्हला लागत नाही. तिथे बेल्ट तुटला तर गाडी फक्त बंद पडते. पण बऱ्याच इंजिनांत एकच जागा पिस्टन आणि व्हॉल्व्ह आळीपाळीने वापरतात. तिथे बेल्ट तुटला, किंवा काही दात सरकला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. ही गाडी दुसऱ्या प्रकारातली होती. दादाची जुनी गाडी पहिल्या प्रकारातली. हा फरक दोघांच्या बोलण्यात सुरुवातीला आलाच नव्हता.

अडचण

गाडीच्या पुस्तिकेत बेल्टची मुदत १,००,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिली होती. मालकाचं लक्ष फक्त किलोमीटरवर होतं, त्यामुळे "अजून आठ हजार बाकी आहेत" असं तो धरून चालला होता. पण रबर उभ्या गाडीतही जुनं होतं. बेल्ट मूळचा असेल तर वर्षांच्या हिशोबाने मुदत संपून वर्ष झालं होतं. बदललेला असेल तर किती उरली, ते सांगता येत नव्हतं. नोंद नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून पुढे जावं, असं मी सगळ्यांनाच सांगतो, यांनाही सांगितलं.

तरीही त्याने आणखी काही महिने काढले असते. घाई झाली ती कूलंटमुळे. टाकीतली पातळी हळूहळू उतरत होती आणि जमिनीवर थेंब दिसत नव्हता. एका रविवारी गाडीखाली टॉर्च मारला तेव्हा टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला गुलाबी-पांढरट, कोरडा, मिठासारखा थर दिसला. बोटाने खरवडल्यावर भुगा पडला आणि त्याला कूलंटचा गोडसर वास होता. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंपाचं आतलं सील गेलं की पाणी आधी पंपाच्या अंगावरच्या छोट्या छिद्रातून पाझरतं, ते छिद्र त्यासाठीच ठेवलेलं असतं. पाझरलेलं कूलंट कव्हरच्या आत, बेल्टच्या शेजारी जमत होतं.

म्हणजे प्रश्न आता बेल्टच्या वयापुरता राहिला नव्हता. बेल्ट स्वतः तुटण्याआधी पंपाचं बेअरिंग, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) जाम होतो आणि तो बेल्टला घेऊन जातो, हे गॅरेजमध्ये वारंवार दिसणारं चित्र आहे. आजचे बेल्ट वरून पाहिले तर शेवटपर्यंत चांगलेच दिसतात. "बघून सांगतो" म्हणणाऱ्यावर म्हणूनच मी विश्वास ठेवत नाही.

पुढे आले ते पर्याय

थांबणं बाद झालं होतं. उरलेले पर्याय चार होते, पण सुरुवातीला मालकाने दोनच धरले होते: सगळं घरी, किंवा सगळं गॅरेजमध्ये. बोलता बोलता आणखी दोन निघाले. पार्ट आपण आणायचे आणि मजुरी गॅरेजला द्यायची हा एक. आणि घरी सुरुवात करायची, पण जिथून मागे फिरता येतं तिथपर्यंतच जायचं, हा दुसरा.

घरी करण्याच्या बाजूने वजनदार मुद्दे होते. या कामात पार्टपेक्षा मजुरी जास्त असते, कारण बेल्टपर्यंत पोचायला चाक, कव्हरं, बाहेरचा बेल्ट, क्रँक पुली आणि आडव्या इंजिनात एका बाजूचं इंजिन माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार) एवढं सगळं उतरवावं लागतं. इंजिन खालून जॅक आणि लाकडाच्या ठोकळ्यावर तोलून धरावं लागतं. त्या मजुरीची बचत मोठी होती. शिवाय घरी करणारा माणूस घाई करत नाही. पुली आणि इंजिनावरच्या जुळवायच्या खुणा तीन वेळा तपासायला त्याच्याकडे वेळ असतो. हे मी मनापासून सांगतो: नीट तयारी करून घरी केलेलं काम घाईत उरकलेल्या गॅरेजच्या कामापेक्षा चांगलं झालेलं मी पाहिलं आहे.

विरुद्ध बाजूला हत्यारं होती. चांगला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना), क्रँक पुली धरून ठेवणारं हत्यार, कॅम आणि क्रँक जागेवर ठेवणाऱ्या लॉकिंग पिना, जॅक स्टँड. यातलं टॉर्क रेंच आणि स्टँड त्याच्याकडे होतं. बाकीचं एकदाच लागणार होतं.

हिशोब कसा मांडला

मालकाने वहीत दोन स्तंभ काढले होते: घरचा खर्च आणि गॅरेजचा खर्च. मी त्यात तिसरा घालायला लावला: चूक झाली तर काय.

त्याने दोन गॅरेजांना फोन करून विचारलं की याच इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकले तर हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवणं, व्हॉल्व्ह, गॅस्केट, हेडचं मशीनिंग, पुन्हा बसवणं मिळून किती येईल. मिळालेला अंदाज घरी काम करून वाचणाऱ्या मजुरीच्या साधारण सहापट होता. यावरून एक सोपी कसोटी निघते. सहा वेळा असं काम केलं आणि त्यात एकदा जरी इंजिन फोडणारी चूक झाली, तरी सगळी बचत गेली. मग स्वतःला विचारायचं की पहिल्यांदाच करताना अशी चूक होण्याची शक्यता सहात एकापेक्षा कमी आहे का?

मालक म्हणाला, बरीच कमी आहे. तो काळजीपूर्वक काम करणारा आहे, मलाही तसंच वाटलं. पण या कसोटीत एक गोष्ट येत नाही. चूक गॅरेजकडूनही होते. फरक एवढाच की तिथे झालेली चूक भरून द्यायची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येते, निदान कामाची पावती आणि हमी लेखी असेल तर. घरी झालेली चूक पूर्णपणे आपली. ज्याला सहापट खर्च एका महिन्यात झेपतो आणि ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, त्याच्यासाठी उत्तर वेगळं निघेल. या मालकाची ही एकच गाडी होती आणि ती रोज लागत होती.

निर्णयाची पहिली जागा: थांबायची रेषा

दोघांचा कल घरी करण्याकडेच होता. मी अडवलं नाही. फक्त कामाला हात लावण्याआधी एक रेषा लिहून काढा म्हटलं: कुठवर सगळं जसंच्या तसं परत लावता येतं आणि कुठून पुढे येत नाही.

चाक काढणं, आतलं प्लास्टिक काढणं, बाहेरचा बेल्ट उतरवणं, टायमिंगचं वरचं कव्हर उघडून पाहणं, यातलं काहीही इंजिनाच्या मेळाला हात लावत नाही. क्रँक पुलीचा बोल्ट सैल करणं ही त्या पट्ट्यातली शेवटची पायरी. त्यानंतर खालचं कव्हर, माउंटिंग, आणि टेन्शनर सैल झाला की मेळ आपल्या हातात आला. आता काम पुरं करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि गाडी ढकलून नेण्याच्याही स्थितीत नसते.

त्यांनी कागदावर लिहिलं: क्रँक बोल्ट हाताशी असलेल्या हत्यारांनी, ठरलेल्या पद्धतीने सैल झाला तर पुढे. नाही झाला तर सगळं परत लावून गॅरेज. आणि वरचं कव्हर उघडल्यावर आत अपेक्षेपेक्षा वेगळं काही दिसलं तरीही गॅरेज.

याच वेळी मालकाने किट मागवून टाकलं. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप, मॉडेल आणि वर्ष टाकून ऑनलाइन. या घाईची किंमत पुढे दिसेल.

काम सुरू झालं

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. गाडी स्टँडवर घेतली, फक्त जॅकवर ठेवली नाही. दादा या बाबतीत फार कडक आहे, आणि असायलाच हवं. चाक निघालं, आतलं प्लास्टिक निघालं, वरचं कव्हर निघालं.

बेल्ट दिसला तो पाहून दोघांनाही बरं वाटलं. पाठीवरची छपाई बऱ्यापैकी वाचता येत होती आणि त्यावर गाडीच्या कंपनीचं नव्हे, दुसऱ्याच उत्पादकाचं नाव होतं. म्हणजे आधीचा मालक खरं बोलला होता. बेल्ट कधीतरी बदललेला होता. पण इंजिनाकडच्या कडेला बेल्ट ओलसर होता, आणि त्या कडेचे धागे बारीक लव सुटल्यासारखे बाहेर आले होते. पंपाकडून आलेलं कूलंट तिथवर पोचलं होतं.

दादा म्हणाला, "बघ, बदललेला आहे म्हणजे सोपं जाईल. एकदा सगळं उघडलेलं आहे." हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. एकदा उघडलेलं काम पुन्हा उघडायला सोपं जातं, हे पहिल्या वेळी उघडणाऱ्याने ते नीट मिटवलं असेल तरच खरं.

निर्णयाची दुसरी जागा: न हललेला बोल्ट

क्रँक पुलीचा बोल्ट हा या कामातला सगळ्यात हट्टी बोल्ट. अनेक इंजिनांत तो आधी मोठ्या टॉर्कवर आवळतात आणि मग आणखी ठरावीक अंशांनी फिरवतात. काहींवर आटे धरून ठेवणारा गोंदही असतो. हा बोल्ट सैल करताना पुली फिरू नये म्हणून ती धरून ठेवावी लागते.

त्यांच्याकडे या पुलीचं नेमकं हत्यार नव्हतं. दोन बोटांचं सर्वसाधारण धरण (पुली धरून ठेवायचं हत्यार) होतं, ते पुलीच्या छिद्रांत नीट बसत नव्हतं. मग गाडी पाचव्या गिअरला टाकून एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने लांब दांडीने जोर लावायचा, ही सगळ्यांना माहीत असलेली युक्ती केली. यात अडचण अशी की जोर बोल्टपर्यंत पोचायच्या आधी गिअरबॉक्स, शाफ्ट, टायर या सगळ्यांत मुरतो. दांडी वाकली, एक्स्टेन्शन पिळलं, बोल्ट जागचा हलला नाही. दादाने एक्स्टेन्शनखाली दुसरा स्टँड लावून आधार दिला, त्याने सॉकेट सरळ राहिलं, पण बोल्ट तसाच. बॅटरीवर चालणारी छोटी इम्पॅक्ट गन (ठोके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) आणली, तिनेही काही केलं नाही.

इथे दादाने ती दुसरी युक्ती काढली. लांब दांडी बोल्टला लावायची, तिचं दुसरं टोक चासीला टेकवायचं आणि क्षणभर सेल्फ मारायचा. इंजिन स्वतःच्याच जोराने बोल्ट सोडवतं.

मालक म्हणाला, "दादा, नको. दांडी सटकली तर?"

"अरे, मी किती वेळा केलंय कारखान्यात."

"कारखान्यात तुला हत्यारं असतात. इथे चाकाच्या खाचेत आपण दोघं बसलोय."

युक्तीने बोल्ट सुटतो, हे खरं आहे. पण दांडी सटकली तर ती कुणाच्या हातावर किंवा रेडिएटरवर जाईल ते कुणाच्या हातात नसतं. त्यात भर म्हणजे काही गाड्यांचं इंजिन उलट्या दिशेने फिरतं. जुन्या होंडाच्या कित्येक इंजिनांत तसं आहे. तिथे ही युक्ती बोल्ट आणखी आवळते. या गाडीत तो प्रश्न नव्हता, पण ते तपासूनच कळलं असतं आणि त्या क्षणी कुणी तपासलं नव्हतं.

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटते. दुपार अर्धी सरलेली, हात काळे झालेले, किट शेजारी उघडून ठेवलेलं. अशा वेळी माणूस "आता एवढं केलंय तर" म्हणून पुढे जातो. मालकाने खिशातला कागद काढला, रेषा कुठे ठरली होती ते दादाला दाखवलं, आणि वरचं कव्हर परत लावायला घेतलं. दादा नाराज झाला, पण त्यानेच नट-बोल्ट क्रमाने ठेवले होते म्हणून परत लावणं पटकन झालं.

निर्णयाची तिसरी जागा: चालवत न्यायची की टोचन

आता गाडी पुन्हा पूर्ववत होती, निदान बाहेरून. गॅरेज फार लांब नव्हतं. दादाचं म्हणणं होतं, इतके महिने चालली, आणखी थोडी चालेल. मालकाने मला फोन केला. मी विचारलं, ओलसर कड आणि सुटलेले धागे कालही माहीत होते का? नव्हते. आता आहेत. पंप कधी जाम होईल ते सांगता येत नाही, आणि ज्या दिवशी होईल त्या दिवशी सहापट खर्च. टोइंगचा खर्च मजुरीच्या अगदी लहान हिश्श्याएवढा होता. टोइंगची गाडी बोलावली, आणि सेल्फ न मारता ढकलूनच ती वर चढवली.

गॅरेज कसं निवडलं

दर सगळ्यांचे जवळपास सारखेच होते. त्यामुळे मालकाने दर सोडून प्रश्न विचारले. पंप, टेन्शनर, आयडलर सगळे बदलणार की फक्त बेल्ट? क्रँक आणि कॅमची पुढची ऑईल सील पाहणार का? या इंजिनाच्या लॉकिंग पिना तुमच्याकडे आहेत का? जुने पार्ट परत देणार का? मी आणलेलं किट लावलंत तर हमी कशाची?

एका ठिकाणी उत्तर आलं, "पिना कशाला, खूण करून बसवतो." जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर पांढरी खूण करून नव्यावर उतरवणं, ही पद्धत चालते आणि अनुभवी हातात बिनचूकही होते. पण जुना बेल्ट आधीच एक दात चुकून बसवलेला असेल तर ती चूक जशीच्या तशी नव्यावर उतरते. या गाडीला आधी कुणीतरी हात लावलेला होता, म्हणून मी तिथे नको म्हणालो.

दुसऱ्या गॅरेजच्या प्रमुखाने सरळ सांगितलं, "तुमचं किट लावू, पण पार्टची हमी आम्ही देणार नाही. आमच्या कामाची देऊ. किट आधी तपासू, बसणारं नसेल तर लावणार नाही." हे उत्तर मालकाला पटलं, मलाही. गाडी तिथेच गेली.

गॅरेजमध्ये काय निघालं

पहिली गोष्ट किटची. प्रमुखाने चासी नंबरवरून पार्ट नंबर काढला आणि तो जुळेना. त्याच वर्षात कंपनीने मध्येच बेल्टची रुंदी बदलली होती. त्याने शेल्फवरचा योग्य बेल्ट काढून टेबलावर मालकाच्या बेल्टशेजारी उभा ठेवला. दातांची संख्या सारखी, दातांचा आकार सारखा, रुंदीत सुमारे दोन मिलिमीटरचा फरक. इंजिनावर तो बसलासुद्धा असता. खुणा जुळल्या असत्या, दोन फेऱ्यांनंतरही जुळल्या असत्या. घरी हा फरक लक्षात आला असता की नाही, याबद्दल मालक स्वतःच साशंक आहे.

क्रँक बोल्ट तिथे फार वेळ टिकला नाही. त्या पुलीसाठीचं धरण, जड सॉकेट आणि मोठी इम्पॅक्ट गन. दादा बघायला गेला होता. तो एवढंच म्हणाला की हत्यार असतं तर माझ्याकडूनही निघाला असता. ते बरोबर आहे.

दुसरी गोष्ट मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हती. टेन्शनरचा बोल्ट मेकॅनिकने सैल केला तर तो पाहिजे त्यापेक्षा फार सहज आला. बाहेर काढल्यावर त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची एक चकचकीत तार वेटोळं घालून अडकलेली होती. ती ब्लॉकमधल्या आट्यांची होती. मागच्या वेळी ज्याने बेल्ट बदलला त्याने बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला होता, आणि अॅल्युमिनियमचे आटे तेव्हाच गेले होते. टेन्शनर उरलेल्या दोन-तीन आट्यांवर धरून होता.

नवा टेन्शनर त्याच छिद्रात लावला असता तर टॉर्क लागलाच नसता, बोल्ट नुसता फिरत राहिला असता. गॅरेजने छिद्र मोठं करून त्यात नवे स्टीलच्या तारेचे आटे बसवले. काम अवघड नाही, पण ड्रिल सरळ जायला हवा, भुगा इंजिनात जाता कामा नये, आणि त्या मापाची आटे पाडायची हत्यारं हवीत. हेच घरी निघालं असतं तर माउंटिंग सुटलेलं, इंजिन जॅकवर, बेल्ट उतरलेला, आणि रविवार.

मग बाकीचं नेहमीसारखं झालं. कॅम आणि क्रँक पिनांनी जागेवर धरले. बोल्ट सोडताना किंवा आवळताना मात्र पिनांवर जोर येऊ दिला नाही, पुली वेगळी धरली. पिना फक्त जागा दाखवायला असतात, जोर घेतला की त्या वाकतात आणि खूणच चुकते. क्रँकची पुढची सील बदलली. नवा पंप बसवला, बेल्ट कुठेही न दुमडता चढवला, टेन्शनरचा काटा थंड इंजिनावर खुणेवर आणला. पिना काढून क्रँक हाताने, पान्याने, सरळ दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवला आणि खुणा पुन्हा पाहिल्या.

या फेऱ्यांच्या वेळी मालक शेजारी उभा होता आणि घाबरला. नव्या बेल्टवर छापलेल्या पांढऱ्या रेघा आता पुल्यांच्या खुणांवर नव्हत्या. मेकॅनिकने समजावलं की त्या रेघा फक्त चढवण्यापुरत्या असतात. बेल्टचे दात आणि पुलीचे दात यांचा भागाकार असा असतो की त्या रेघा पुन्हा जागेवर यायला बरेच फेरे लागतात. पाहायचं ते पुलीची खूण आणि इंजिनाची खूण. घरी काम करणारे कित्येक जण याच ठिकाणी "चुकलं" समजून बरोबर बसलेला बेल्ट पुन्हा काढतात. हाताने फिरवताना कुठे अडलं तर मात्र जोर न लावता तिथेच थांबायचं असतं.

निष्पत्ती

गाडी दोन दिवसांनी मिळाली. पावतीवर पार्टचे नंबर, किलोमीटर, तारीख आणि कामाची हमी लिहिलेली होती. जुना बेल्ट, पंप, टेन्शनर आणि तो तार गुंडाळलेला बोल्ट पिशवीत परत मिळाला. पंप हाताने फिरवला तर बेअरिंगमध्ये खरखर स्पष्ट लागत होती. त्यानंतर काही महिने गाडी रोज चालते आहे, कूलंटची पातळी उतरत नाही, इंजिनाचा दिवा लागलेला नाही.

खर्च मात्र सुरुवातीच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. टोइंग, आट्यांची दुरुस्ती, आणि न चाललेलं किट. विक्रेत्याने पंप आणि आयडलर परत घेतले. बेल्ट आणि टेन्शनरची पाकिटं फोडलेली होती, ती घेतली नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

किट सगळ्यात शेवटी घ्यायला हवं होतं. काम कुणी करायचं ते ठरल्यावर, आणि मॉडेल-वर्ष टाकून नव्हे तर चासी नंबरवरून. पाकिटं फोडण्याआधी जुन्या बेल्टशी माप जुळवायचं. वरचं कव्हर उघडलेलं असताना कॅलिपर लावला असता तर रुंदीचा फरक तिथेच कळला असता. मालकाकडे कॅलिपर होता.

क्रँक बोल्टची चाचणी गाडी पूर्ण उघडायच्या आधी, अगदी आदल्या आठवड्यात घेता आली असती. चाक काढलं की तो दिसतो. पुलीचं नेमकं धरण भाड्याने मिळतं का ते विचारायला एक फोन पुरला असता. ते मिळालं असतं तर बोल्ट कदाचित निघाला असता, आणि मग हे दोघं रेषेच्या पलीकडे, गेलेल्या आट्यांपर्यंत पोचले असते. म्हणून "नेमकं हत्यार हवं होतं" हा सल्ला या गाडीपुरता मी अर्धाच देतो.

दोन्ही इंजिनांतला फरक पहिल्याच दिवशी बोलायला हवा होता. दादाचा अनुभव खरा होता, पण तो अशा इंजिनाचा होता जे चूक माफ करतं. तो अनुभव या गाडीवर लावताना तेवढा वजा करायला हवा होता. दादाच्या त्या जुन्या गाडीला आज पुन्हा बेल्ट लागला तर मी त्याला घरीच कर म्हणेन, आणि जमलं तर हा मालकही शेजारी उभा राहू दे. शिकायला ती गाडी योग्य आहे.

मागच्या कामाची माहिती नसणं ही धोक्याची खूण म्हणून धरायला हवी होती. बेल्ट दुसऱ्याच उत्पादकाचा दिसला तेव्हा दोघांना दिलासा मिळाला. त्यातून खरं तर एवढंच कळत होतं की आत अनोळखी माणसाचा हात लागला आहे. थांबायच्या रेषेत "अपेक्षेपेक्षा वेगळं काही दिसलं तर गॅरेज" असं लिहिलेलं होतं. ओलसर कड दिसली त्याच वेळी ती अट पूर्ण झाली होती, बोल्टपर्यंत जायची गरजच नव्हती. बोल्टने थांबवलं हे बरं झालं, पण कागदाने त्याआधीच थांबवायला हवं होतं.

दादा आणि मालक यांचं अजून एकमत नाही. दादा म्हणतो, धरण आणि मोठी गन असती तर काम घरीच झालं असतं. बोल्टपुरतं त्याचं म्हणणं मला मान्य आहे. आट्यांबद्दल विचारलं की तो म्हणतो, "कारखान्यातून आटे पाडायचा टॅप आणला असता." आणला असता, पण सोमवारी, आणि तोवर मालकाची रोजची गाडी इंजिन उघडं टाकून अंगणात स्टँडवर उभी राहिली असती.